हिवाळ्यात जास्वंद कशी सांभाळायची: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली, सकाळचं अंगणात स्वेटरशिवाय उभं राहवेना झालं, की जास्वंदीचे प्रश्न सुरू होतात. पानं पिवळी पडली, कळ्या गळतात, देवाला रोज पाच फुलं निघायची तिथे एक निघत नाही. खालची उत्तरं बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातली अंगणं आणि गच्च्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. कोकणात किंवा मुंबईत ती जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

आमच्याकडच्या थंडीने जास्वंद मरते का?

जमिनीत लावलेली, दोन-तीन वर्षांची देशी लाल जास्वंद सहसा मरत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बहुतेक वेळा १३ ते १५ अंशांच्या आसपास राहतो. कडाक्याच्या एखाद-दुसऱ्या रात्री तो १० च्या जवळ किंवा त्याच्याही खाली उतरतो, पण दुपारी पुन्हा २८-२९ वर चढतोच. जास्वंदीचा जीव घेते ती पाणी गोठवणारी थंडी, आणि तशी थंडी आपल्या अंगणात पडत नाही.

होतं काय, तर माती गार झाली की मुळं सुस्तावतात. झाड पाणी कमी ओढतं, नवी फूट थांबते. आपण मात्र मे महिन्याच्या हिशेबाने बादली ओततच राहतो. हिवाळ्यात गेलेली जास्वंद उपटून पाहिली, तर बहुतेक वेळा मुळं काळी, मऊ आणि वासट निघतात. ती पाण्याने गेलेली असते, नाव मात्र थंडीचं होतं.

मग पाणी किती घालायचं?

याला एकच आकडा नाही, कारण आपल्या जिल्ह्यात माती एक नाही. बेळगाव शहराच्या दक्षिण-पश्चिमेला, खानापूर-जांबोटीकडे तांबडी, जांभ्याची माती. पाणी घातलं की झरून जातं. तिथे जमिनीतल्या झाडाला हिवाळ्यात पाच-सहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी पुरतं. अथणी, रायबाग, गोकाककडची काळी माती वेगळी. ती वरून भेगाळलेली दिसते आणि वीतभर खाली अजून ओली असते. तिथे दहा-बारा दिवस थांबलात तरी झाड काही म्हणणार नाही. चिकोडी-निपाणीत दोन्ही प्रकार सापडतात, तेव्हा आपल्या अंगणात काय आहे ते आधी खणून पाहा.

कुंडीसाठी बोट हेच माप. दोन पेरं मातीत घाला. टोकाला ओल लागली, माती चिकटली, तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर तळातून पाणी निघेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोज पेलाभर शिंपडण्याची सवय मात्र मोडा. त्याने वरची माती कायम ओली राहते, खालची मुळं तहानलेली राहतात आणि बुरशीची मात्र सोय होते.

एक खास आपल्याकडची गोष्ट. अनेक गल्ल्यांत नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी येणार म्हटलं की जुनं साठवलेलं पाणी फेकवत नाही, म्हणून हंडे-बादल्या झाडांच्या बुडात रिकाम्या होतात. उन्हाळ्यात हे पुण्याचं काम. डिसेंबरात ते पाणी अंगण धुवायला वापरा, नाहीतर नारळाला घाला.

पाणी सकाळी घालायचं की संध्याकाळी?

सकाळी, ऊन अंगणात आल्यावर. नऊ-दहाची वेळ उत्तम. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर माती गार ठेवतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे बर्फासारखं असतं, ते लगेच सोडू नका. बोअरचं पाणी उलट हिवाळ्यात कोमट लागतं, कारण जमिनीखालचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. ते सरळ घातलं तरी चालतं. पण बोअरच्या जड पाण्याचा दुसरा त्रास आहे, तो पुढच्या उत्तरात येतो.

पानं पिवळी पडून गळतात. कसलं लक्षण?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात घाईने उपाय केला जातो तोही इथेच. पान पिवळं दिसलं की कुणी युरिया टाकतं, कुणी औषध मारतं. आधी एक पान हातात घ्या आणि नीट बघा.

फांदीच्या बुडाकडची जुनी पानं एक-एक करून पिवळी होत असतील आणि शेंड्याची पानं ताजी असतील, तर काहीही करू नका. थंडीत झाड जुना पाला टाकतं. रोज दोन-चार पानं झाडून काढावी लागली म्हणून घाबरण्यासारखं काही नाही.

पानं पिवळी, मऊ, लोंबलेली, आणि माती ओली: पाणी जास्त झालं. पाणी बंद करा, कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे का ते काडी घालून पाहा. काळ्या मातीत बुंध्याभोवती खोलगट आळं केलेलं असेल तर ते बुजवा, बुंध्याकडे थोडा उंचवटा करा. उन्हाळ्यात हवंहवंसं वाटणारं आळं हिवाळ्यात डबकं होतं.

शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, जणू पानावर जाळी काढली आहे: ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतंच, झाडाला ते घेता येत नाही. चुनखडीची काळी जमीन आणि बोअरचं जड पाणी यांनी माती अल्कधर्मी होते, लोह त्यात अडकून पडतं. त्यात गार मातीत मुळं मंद, म्हणून हे हिवाळ्यात ठळक दिसतं. अथणी-चिकोडीकडून असे फोटो खूप येतात, खानापूरकडून क्वचित. उपाय म्हणून कृषी केंद्रातलं चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात वापरा. नाहीतर लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात थोडा लिंबाचा रस, आणि गाळून ऊन कलल्यावर पानांवर बारीक फवारा. फरशीवर पडलं तर तांबूस डाग जात नाही, तेवढं सांभाळा. शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी या झाडासाठी राखून ठेवा.

पान निस्तेज, वरून बारीक पांढुरके ठिपके, उलटं केलं की धुळीसारखं काही आणि कोळ्याच्या धाग्यासारखी जाळी: लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावरचे ठिपके चालायला लागले की समजा. कोरड्या हवेत ही कीड फोफावते. दोन-तीन दिवसांआड सकाळी उशिरा पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला, तर औषधाशिवायही बरीच आटोक्यात येते. फवारा पानांवर मारायचा, बुंध्यात पाण्याचं तळं करायचं नाही.

कळ्या येतात आणि न उमलताच गळतात.

दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा-सोळा अंशांचा फरक पडतो तेव्हा थोडी कळीगळ होणारच, विशेषतः दुहेरी पाकळ्यांच्या जातींत. पाण्यात एकदा उपास आणि एकदा मेजवानी असं झालं तरी कळ्या गळतात. पण सगळ्याच कळ्या पडत असतील तर गळालेली एक कळी देठापासून उभी चिरून बघा. आत इवल्याशा पांढरट अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. अशा वेळी झाडाखाली पडलेली एकही कळी तशीच ठेवू नका, कारण त्या अळ्या मातीत उतरून कोष करतात. रोज वेचा, पिशवीत बांधून फेका किंवा उकळतं पाणी ओता. झाडावरच्या पिवळ्या पडलेल्या कळ्याही तोडा. दोन-तीन आठवडे न कंटाळता केलं तर फरक दिसतो. फवारे मारूनही हे काम टळत नाही, कारण अळी कळीच्या आत सुरक्षित असते.

रात्री झाड झाकून ठेवायचं का?

जमिनीतल्या मोठ्या झाडाला गरज नाही. कुंडीतली, त्याच वर्षी लावलेली आणि उघड्या गच्चीवरची जास्वंद असेल तर पारा दहाच्या आसपास जाईल अशा रात्री जुनी सुती साडी किंवा चादर टाका. चार काठ्या रोवून त्यांवर टाका, पानांना चिकटू देऊ नका. सकाळी ऊन आलं की काढायची. प्लास्टिक मात्र नको. आत पाणी धरतं, पानं त्याला चिकटून काळवंडतात, आणि काढायला विसरलात तर दुपारी आत झाड शिजतं.

थंडीपेक्षा वाऱ्याचा बंदोबस्त मी आधी करेन. हिवाळ्यात आपल्याकडे पूर्वेकडून पठारावरचा कोरडा वारा येतो. ओठ फुटतात तो हाच. पानांतली ओल तो ओढून घेतो आणि गार पडलेल्या मुळांना ती भरून काढता येत नाही, म्हणून पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. कुंड्यांच्या पूर्वेच्या अंगाला हिरवी शेडनेट किंवा कडब्याच्या पेंढ्यांची आडभिंत केली तरी काम भागतं. भोवताली धूर करण्याचा उपाय द्राक्षबागेत ठीक आहे, घराच्या अंगणात त्याने शेजाऱ्यांशी भांडण तेवढं होईल.

बुंध्याभोवती आच्छादन कशाचं करावं?

जे फुकट मिळतं त्याचं. चिकोडी, निपाणी, अथणीकडे ऊसतोड चालू असते, पाचट हवं तितकं मिळतं. खानापूर आणि बेळगावच्या भातपट्ट्यात सुगी झालेली असते, तिथे भाताचं पिंजर किंवा तूस. चार बोटं जाडीचा थर पुरे. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल ओली राहून कुजते. तांबड्या मातीत वाळवीचा त्रास असेल तर पाचट-पिंजर अधूनमधून उचलून खाली नजर टाकत जा. काळ्या मातीत आच्छादन पातळ ठेवा. तिथे माती आधीच ओल धरून बसते, वर जाड पांघरूण घातलं की ती वाळतच नाही.

इंटरनेटवर सांगतात: जमिनीलगत छाटा, गोणपाटात गुंडाळा, तळघरात ठेवा. करायचं का?

नाही. तो सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांसाठी आहे, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच जास्वंदीसाठी. तिकडे एक जात हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जाते आणि उन्हाळ्यात मुळातून पुन्हा फुटते. दुसरी एक पानं गाळून बर्फातही उभी राहते. आपली देवाला वाहायची जास्वंद उष्ण प्रदेशातली सदाहरित. तिला डिसेंबरात बुडापासून छाटलं तर ती आजारी पडते, आणि अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली तर पंधरवड्यात पानं टाकते. गंमत म्हणजे असे सल्ले मराठीत भाषांतर होऊन फिरतात, तेव्हा त्यांतला बर्फ गळून जातो आणि गोणपाट तेवढं उरतं.

छाटणी कधी करायची? माघी गणपतीला फुलं हवी आहेत.

जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर. छाटणीनंतर नवी फांदी वाढून तिच्यावर फूल उमलायला दोन-तीन महिने जातात. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या माघी गणेश जयंतीला फुलं हवी असतील, तर हलकी छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर उरकलेली असायला हवी. नवरात्र ते दिवाळी हा काळ त्याला चांगला. फांद्यांचे शेंडे वीतभर कापायचे, आत घुसलेल्या आणि वाळलेल्या काड्या काढायच्या, बस.

नोव्हेंबर उलटला की कात्री ठेवून द्या. डिसेंबरात छाटलंत तर एकतर फूट येत नाही, नाहीतर कोवळी लालसर फूट येते आणि गार वाऱ्यात शेंड्यांपासून करपते. मोठी छाटणी, झाड निम्म्यावर आणायची ती, माघी गणपतीची पूजा झाल्यावर करा. तोवर फुलंही मिळालेली असतात आणि थंडीही मोडलेली असते. काप डोळ्याच्या वर अर्ध्या बोटावर, तिरका, धारदार कात्रीने. डोळा बाहेरच्या दिशेला तोंड केलेला निवडा, म्हणजे झाड मधे गच्च होत नाही. जाड फांदीच्या कापावर हळदीची किंवा बोर्डोची (मोरचूद-चुन्याची) पेस्ट लावतात. हळद लावायला हरकत नाही, पण काप स्वच्छ असेल आणि हवा कोरडी असेल तर तसाच ठेवला तरी तो वाळून बसतो.

हिवाळ्यात खत घालावं का?

डिसेंबर-जानेवारीत युरिया किंवा नत्राचं कुठलंही जोरखत नको. नोव्हेंबरात एकदा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ओंजळभर, मग थेट छाटणीनंतर. जास्वंदीला पालाश (पोटॅश) आवडतं, स्फुरद (फॉस्फरस) फार झालेलं सोसत नाही, म्हणून हाडांचा चुरा वारंवार घालू नका. चुलीची राख? खानापूरकडच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत मूठभर चालते. काळ्या मातीत नको, तिथे आधीच लोहाची अडचण आहे आणि राखेने ती वाढते. खात्री हवी असेल तर माती तपासून घ्या. तुमच्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) चौकशी केली तर नमुना कुठे द्यायचा ते कळेल. बागेचं मोठं काम असेल तर गोकाकजवळचं अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालयही जवळ आहे.

पांढरा कापसासारखा थर आणि मुंग्यांची रांग दिसते.

पिठ्या ढेकूण. जास्वंदीचा जुना वैरी. थंडीत तो पानांच्या बेचक्यांत, सालीच्या फटींत गप्प बसतो आणि फेब्रुवारीत ऊन तापलं की झाडभर होतो. म्हणून त्याचा निकाल हिवाळ्यात लावायचा, संख्या कमी असताना.

मुंग्यांकडे आधी लक्ष द्या. ढेकणाच्या अंगातून येणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात आणि पिल्लं नव्या फांदीवर नेऊन सोडतात. तोच चिकटा पानांवर पडून काळी बुरशी धरते. बुंध्याला पट्टी बांधून त्यावर ग्रीस लावलं की मुंग्यांची वाट बंद होते. ग्रीस थेट सालीवर नको. झाडाची फांदी भिंतीला किंवा दोरीला टेकलेली असेल तर तीही कापा, नाहीतर मुंग्या वळसा घालून चढतात.

मग जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून बेचके घासून काढा. फारच पसरलेली डहाळी तोडून टाका. त्यानंतर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, सोबत एक-दोन मिली द्रव साबण, आठवड्याने एकदा असं तीन-चार वेळा. हिवाळ्यात एक अडचण येते ती अशी: गार सकाळी निंबोळी तेल बाटलीत तुपासारखं थिजतं. तसंच पाण्यात ढवळलं तर वर गुठळ्या तरंगतात, पंपाची तोटी तुंबते आणि पानांवर तेलाचे डाग पडतात. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, तेल पातळ झालं की आधी साबणात फेटा, पांढरं दुधासारखं झालं की मग कोमट पाण्यात मिसळा. फवारणी दुपारच्या उन्हात करू नका, दिवस कलताना करा. पण पानं अंधार पडायच्या आत सुकली पाहिजेत, म्हणून साडेचार-पाचची वेळ बरी.

निपाणीकडे तंबाखूचं पाणी मारतात. घरच्या झाडाला चालेल का?

माव्यावर ते चालतं, हे खरं. तंबाखूच्या पट्ट्यात माल घरात असतो, म्हणून ही रीत पडली. पण त्यातलं निकोटिन हे विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात जातं. अंगणात मुलं खेळतात, मांजर पानं चाटते, फुलं आपण हाताने तोडून देवाला वाहतो, कुणी जास्वंदीचा चहा करतं, कुणी केसांना लावतं. मधमाश्यांनाही ते घातक. साबणाच्या पाण्याने होणाऱ्या कामासाठी मी ते घरात वापरणार नाही, आणि कुणाला वापरा म्हणणारही नाही.

कुंडी कुठे ठेवावी?

दक्षिणेच्या भिंतीपाशी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. बेळगावात डिसेंबरच्या भर दुपारीही तो क्षितिजापासून पन्नास-एक्कावन्न अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर ऊन आणि उत्तरेच्या बाल्कनीला जवळजवळ नाहीच. जास्वंदीला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं, ते नसेल तर बाकी सगळी उठाठेव फुकट. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची किंवा दगडी असेल तर आणखी चांगलं, दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब सोडत राहते.

कुंडी थेट स्लॅबवर टेकवू नका, खाली विटेचे तीन तुकडे द्या. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं, त्याने ती आतून गार होते. उन्हाळ्यात हा गुण, हिवाळ्यात थोडा अवगुण. प्लास्टिकच्या कुंडीत माती ऊबदार राहते पण ओलही टिकते. ज्यांना पाणी घालायचा हात आवरत नाही त्यांनी मातीचीच ठेवावी.

कुंडी बदलायची असेल तर फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबा.

ऑस्ट्रेलियन म्हणून विकतात त्या मोठ्या फुलांच्या जास्वंदीलाही हेच नियम?

नियम हेच, पण तिचे लाड जास्त. पिवळ्या, केशरी, दोन-तीन रंग मिसळलेल्या या संकरित जाती बहुधा कलम केलेल्या असतात, मुळं नाजूक असतात, आणि पाणी साचलं तर देशी जास्वंद आठवडाभर सोसते तिथे या दोन दिवसांत मान टाकतात. थंडीत फुलाचा रंग गडद होतो आणि आकार लहान, कधी फूल दोन दिवसही टिकतं. हा आजार नाही. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट मात्र लगेच काढा, नाहीतर वर्षभरात पिवळ्याच्या जागी साधी लाल फुलू लागते आणि दोष रोपवाटिकेला जातो.

जमिनीत लावायचीच असेल तर अथणीच्या काळ्या मातीत वाफा हातभर उंच करून लावा. माझं विचाराल तर तिकडे ती कुंडीतच बरी.

मोगरा, अबोली, अनंत यांनाही असंच सांभाळायचं का?

मोगऱ्याचं गणित उलटं आहे. त्याला हिवाळ्यात विश्रांती हवी. डिसेंबरात पाणी तोडा, पानं पिवळी पडू द्या, जानेवारीत छाटा, मग खत-पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या धरतात. हिवाळाभर हिरवागार ठेवलेला मोगरा उन्हाळ्यात पाला दाखवतो, फुलं नाही.

अबोली थंडीला जास्वंदीपेक्षा हळवी. पानं जांभळट होतात, कणसं आखूड राहतात, गजऱ्यापुरतीही फुलं निघत नाहीत. तिला वाऱ्याच्या आडोशाला, उन्हात ठेवा. अनंताला आम्ल माती लागते, म्हणून खानापूरकडे तो खुशीत आणि काळ्या मातीत पिवळा. त्यालाही लोह द्या. नाताळात लाल होणारं पॉइन्सेटिया दारात असेल आणि लालच होत नसेल, तर रस्त्याच्या दिव्याकडे बघा. त्याला रोज रात्रभराचा लांब, अखंड अंधार लागतो.

संक्रांतीला आठ-दहा दिवस गावाला जाणार आहोत. कुंड्यांचं काय?

निघायच्या सकाळी तळातून निघेपर्यंत पाणी, वर पाचट किंवा सुकी पानं, आणि सगळ्या कुंड्या सकाळचं ऊन येईल पण दुपारी सावली होईल अशा जागी एकमेकींना खेटून. मोठ्या कुंड्या एवढ्यावर दहा दिवस निघतात, वीतभर तोंडाच्या लहान कुंड्या मात्र शेजाऱ्यांकडे ठेवून जा. शेजारच्या काकूंना किल्ली देणार असाल तर एकदाच, मधल्या दिवशी, पाणी घालायला सांगा. रोज घाला म्हणून सांगितलंत तर परत आल्यावर वरचा पहिला प्रश्न पुन्हा वाचावा लागेल.

हिवाळ्यात काडी लावली तर जगेल का? नवं रोप आणावं का?

काडी लावायला जून-जुलै सर्वोत्तम, त्याखालोखाल फेब्रुवारी-मार्च. डिसेंबरातली काडी मुळं धरायच्या आधी बऱ्याचदा कुजते. रोप आणायला हरकत नाही, पण कोकणातून किंवा शेडनेटमधून आलेलं रोप लगेच उघड्यावर ठेवू नका. आठवडाभर अर्ध्या उन्हात, मग पूर्ण उन्हात. पिशवीच्या तळाशी मुळं गुंडाळलेली दिसत असली तरी मोठ्या कुंडीत हलवायची घाई नको. आणताना पानांच्या बेचक्यांत पांढरं काही नाही ना, ते दुकानातच पाहून घ्या. एका रोपाबरोबर आलेला पिठ्या ढेकूण सगळ्या अंगणाला पुरतो.

झाड पूर्ण वाळल्यासारखं दिसतंय. काढून टाकू?

थांबा. नखाने सालीवर बारीक ओरखडा काढा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. वरच्या फांदीवर तपकिरी आणि कोरडं लागलं तर खाली-खाली येत जा, हिरवं लागेल त्याच्या थोडं खाली फेब्रुवारीत कापा. तोवर पाणी अगदी बेताचं, खत अजिबात नाही. पानंच नसलेल्या झाडाला पाणी ओढायला काही साधन उरलेलं नसतं.

गुढीपाडव्यापर्यंत एकही डोळा फुटला नाही आणि ओरखडा बुंध्याशीही तपकिरी निघाला, तर उपटा आणि मुळं पाहा. ती कुजलेली असतील तर त्याच खड्ड्यात दुसरी जास्वंद लगेच लावू नका. माती बाहेर काढून उन्हात पसरा, खड्डा महिनाभर तापू द्या, तळाला विटांचे तुकडे आणि जाड वाळू घाला. नवं रोप मृगाच्या पावसानंतर.